राणीबागेतील बारसे आणि तानसाचे रान

प्राणिसंग्रहालयात पिल्लू जन्मास आले, की साऱ्या शहराला आपल्याच घरी पाळणा हलल्याचा आनंद होतो. वृत्तपत्रे त्याचे छायाचित्र ठळकपणे छापतात, नामकरणाचा समारंभ होतो, आणि पुढल्या रविवारी भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानापुढे, म्हणजे मुंबईकरांच्या जिभेवर अजून रुळलेल्या राणीच्या बागेपुढे, मुलांना खांद्यावर घेतलेल्या आईबापांची रांग लागते. या आनंदात गैर काहीच नाही. ज्या समाजाला पिल्लाच्या जन्माचे कौतुक वाटत नाही त्याला रानाची चाड वाटेल, ही अपेक्षाच व्यर्थ होय. परंतु आनंद हा धोरणाची जागा घेऊ शकत नाही. जन्मलेल्या जीवाचे पुढे काय होणार, त्याच्यासाठी उभारलेले नवे दालन त्याच्या सोयीचे आहे की पाहणाऱ्यांच्या, आणि ज्या रानाचा प्रतिनिधी म्हणून तो काचेआड बसविला आहे त्या रानाशी हे शहर कसे वागते, हे तीन प्रश्न बारशाच्या वाजंत्रीत ऐकू येत नाहीत. त्यांतील तिसरा प्रश्न भायखळ्यापासून दूर, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या डोंगरांत जाऊन पोहोचतो. तेथपर्यंत जाण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, म्हणूनच आम्ही ती येथे घेत आहोत.

प्रथम पेंग्विन पक्ष्यांचे उदाहरण घेऊ. २६ जुलै २०१६ रोजी सोल शहरातून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन मुंबईस आणले गेले. त्यांतील एक मादी ऑक्टोबर महिन्यात दगावली, आणि उरलेल्या सातांचे दालन मार्च २०१७ मध्ये लोकांस खुले झाले. त्या वेळी जी टीका झाली तिच्यात एक गैरसमज मिसळलेला होता, तो आधी दूर केला पाहिजे. हे पक्षी दक्षिण ध्रुवाच्या बर्फातले नव्हेत. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्याने थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो. त्याच्या काठच्या खडकांच्या कपारींत ते घरटी करतात. त्यांना हिम नको, पण गार पाणी आणि ताजी मासळी हवी. मुंबईच्या दमट उकाड्यात ही गरज भागविण्यासाठी सोळा ते अठरा अंश उष्णतामानाचे दालन रात्रंदिवस राखावे लागते. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे पंधरा कोटी रुपयांची निविदा निघाली तेव्हा मोठे वादळ उठले. एका पक्षाने उधळपट्टी म्हणून बोट दाखविले. दुसऱ्याने बागेचे वाढलेले उत्पन्न पुढे केले. ते उत्पन्न वाढले होते हे खरे, कारण ऑगस्ट २०१७ पासून मोठ्या माणसाचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले होते आणि तरीही गर्दी हटली नव्हती. पण दोन्ही पक्ष जो हिशेब मांडत होते तो तिकिटांचा होता. पक्ष्यांचा हिशेब त्या गदारोळात क्वचितच कोणी मांडला.

तो हिशेब असा आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी राणीबागेत पेंग्विनचे पिल्लू जन्मास आले. भारतात जन्मलेले हे पहिलेच पेंग्विन म्हणून त्याची वार्ता देशभर गाजली. अवघ्या एका आठवड्याने, २२ ऑगस्ट रोजी, ते पिल्लू गेले. यकृताचा दोष आणि अंड्यातील बलकाचा अंश पोटात न शोषला जाणे ही कारणे शवविच्छेदनात पुढे आली. यात कोणाचा अपराध होता असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या विणीतील पिल्लू दगावणे ही निसर्गातही नित्याची गोष्ट आहे. अनुचित होती ती घाई. पुढे २०२१ मध्ये १ मे रोजी एक आणि १९ ऑगस्ट रोजी दुसरे पिल्लू अंड्यातून बाहेर आले, तेव्हा उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ती बातमी सप्टेंबरपर्यंत जाहीर केली नाही. पिल्ले तगली, वाढली, मगच त्यांची नावे लोकांसमोर आली. हा संयम स्तुत्य आहे, आणि तो एका शहाणपणाची खूण आहे. जन्म ही प्राणिसंग्रहालयाची कामगिरी नव्हे. जन्मलेल्याला नीट वाढविणे ही कामगिरी होय. त्यानंतर या पक्ष्यांची संख्या मूळच्या सातांच्या दुपटीहून अधिक झाली, ते त्यांना सांभाळणाऱ्या पशुवैद्यांच्या व सेवकांच्या मेहनतीचे फळ आहे. ते श्रेय त्यांस मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

वाघांची कथा निराळी आहे आणि अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘शक्ती’ आणि ‘करिश्मा’ ही जोडी तेव्हाच्या औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून राणीबागेत आली. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी, बालदिनीच, करिश्माला ‘वीरा’ ही मादी झाली. मुंबईकरांना बागेत वाघाचे पिल्लू पाहण्याचा योग पुष्कळ वर्षांनी आला. आता ज्या उद्यानातून ही जोडी आली त्याची स्थिती पाहा. जागा अपुरी व सोयी तोकड्या म्हणून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१८ मध्ये सिद्धार्थ उद्यानाच्या संग्रहालयाची मान्यता काढून घेतली होती. पुढे दाद मागून ते चालू राहिले, मिटमिटा येथे विस्तीर्ण जागी स्थलांतराची योजना आखली गेली, आणि या साऱ्या खटाटोपात त्याच अपुऱ्या जागेत २५ डिसेंबर २०२० रोजी एका वाघिणीने एकदम पाच बछडे दिले. आनंदाचे पेढे वाटले जात असताना जागेचा प्रश्न पाचाने वाढला, हे कोणाच्या ध्यानी आले असेल काय? तेथे जागा नाही म्हणून प्राणी दुसऱ्या शहरात धाडावयाचे. दुसऱ्या शहराने त्यांच्यासाठी नवे दालन बांधावयाचे. नव्या दालनात पुन्हा वीण व्हावयाची, आणि त्या विणीसाठी आणखी दालनांची मागणी करावयाची. असे हे रहाटगाडगे आहे.

वाघ बंदिवासात सहज वितो, हे जाणकार सांगत आले आहेत. अशा वाघाला रानात सोडता येत नाही. आईने शिकार शिकविलेली नसते, आणि माणसाची भीती मोडलेली असते. भुकेलेला व माणसाला न भिणारा वाघ म्हणजे जवळच्या पहिल्याच वस्तीवरचे संकट. म्हणून बछडा जन्मताच त्याच्या आयुष्याची चौकट ठरून गेलेली असते. पंधरा-सोळा वर्षांचे जिणे, आणि तेवढी वर्षे त्याला पुरेल असे आवार. ते आवार देण्याची तयारी नसताना वीण होऊ देणे म्हणजे बारशाच्या हौसेपायी बाळंतपण ओढवून घेणे होय.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्या आधारे १९९२ मध्ये केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण ठरले. त्याचा गाभा हा, की प्राणिसंग्रहालयाचे मुख्य प्रयोजन रानातील प्राण्यांच्या रक्षणास हातभार लावणे हे आहे. करमणूक त्याच्या पाठोपाठ येते. आमची नगरे या गाभ्याकडे पाठ फिरवितात आणि आवरणाकडे धाव घेतात. नवे दालन म्हटले, की काच किती रुंद, कारंजे किती उंच, छायाचित्र काढण्यास जागा कोठे, यांचीच चर्चा आधी होते.

या आवारांचा इतिहास मनोरंजक आहे. राजेरजवाड्यांच्या काळापासून पिंजरा म्हणजे गज आणि फरशी. १९०७ मध्ये कार्ल हागेनबेक या जर्मन व्यापाऱ्याने हॅम्बर्गजवळ गजांऐवजी खंदक योजून प्राणी उघड्यावर दाखविले, तेव्हा सारे जग चकित झाले. पाहणाऱ्याला वाटे, सिंह मोकळाच उभा आहे. पण सिंहाला तसे वाटत होते काय? गज काढल्याने माणसाचे समाधान झाले. प्राण्याला मिळालेली जागा खंदकानेही मर्यादितच राहिली. पुढे स्वित्झर्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी प्राण्याच्या बाजूने विचार करण्याची दिशा दाखविली. आवार किती मोठे यापेक्षा ते कसे आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. लपण्यास आडोसा आहे काय? चढण्यास, खणण्यास, पोहण्यास, जे त्या जातीचे अंगभूत कर्म आहे ते करण्यास वाव आहे काय? बघ्यांची नजर चुकविण्याचा अधिकार प्राण्याला आहे काय? येरझारा घालणारा बिबट्या पाहून मुले टाळ्या पिटतात. त्या येरझारा म्हणजे चपळाईचा खेळ नव्हे, कोंडलेल्या मनाची ती व्यथा असते. राणीबागेत अलीकडे वाघ, बिबटे, अस्वल, तरस आदींसाठी जी नवी दालने झाली ती जुन्या गजांच्या खुराड्यांपेक्षा निःसंशय चांगली आहेत. माती आहे, झाडे आहेत, पाणी आहे. त्यांची स्तुती करताना एवढेच म्हणावयाचे, की ज्या दिवशी तिकीट काढून गेलेल्या माणसाला वाघ झुडपाआड गेल्यामुळे दिसला नाही आणि तरी त्याने तक्रार केली नाही, त्या दिवशी ते दालन खऱ्या अर्थाने यशस्वी झाले असे समजावे.

मग बंदिवासातील जन्माला अर्थच नाही काय? आहे, आणि तो फार मोठा आहे. अरबस्तानातील ओरिक्स या शुभ्र हरणाचा रानातील शेवटचा कळप १९७२ च्या सुमारास शिकाऱ्यांनी संपविला. त्याआधीच १९६३ मध्ये अमेरिकेतील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात काही जनावरे जमवून त्यांची वीण सुरू केली गेली होती. तिच्याच संततीतून १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ओरिक्स पुन्हा मोकळे फिरू लागले. आपल्याकडे गिधाडांचे असेच झाले. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने मेलेल्या जनावरांचे मांस विषारी झाले आणि लाखो गिधाडे मेली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झाले आणि हरियानातील पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास होऊ लागली. तेथील वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. दहा ताडोबात, दहा पेंचमध्ये. त्यांतील काही पुढे दगावली. मार्ग खडतर आहे, पण दिशा योग्य आहे. जन्माचे तोंड रानाकडे आहे.

ओरिक्सच्या कथेचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. ओमानमध्ये सोडलेला कळप वाढला, आणि मग चोरट्या शिकारीने पुन्हा लयास जाऊ लागला. पुढे त्या अभयारण्याचे क्षेत्रच सरकारने सुमारे नव्वद टक्क्यांनी घटविले आणि २००७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतून ते वगळले गेले. रान राखले नाही तर पिंजऱ्यातली शर्थ वाया जाते, हा त्यातला बोध. उलट, प्राणी एकत्र कोंडण्यात स्वतंत्र धोका आहे. नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या पक्ष्यांच्या फ्लूने मरण पावले. जे रानात वेगवेगळ्या डोंगरांवर राहिले असते ते एका छपराखाली आले, आणि एका रोगाने त्यांना एकदम गाठले. तेव्हा प्राण्याचे खरे आवार रान हेच होय.

आणि रानाचा विषय निघाला, की मुंबईने आपल्या नळाकडे पाहावे. या शहराला जे पाणी मिळते त्याचा फार मोठा भाग शहापूर तालुक्यातून येतो. १८९२ मध्ये बांधलेले तानसा, १९५७ चे मोडकसागर, आणि एकटेच शहराची जवळजवळ निम्मी तहान भागविणारे भातसा, ही सारी त्या तालुक्यातील जलाशये आहेत. शेजारच्या मुरबाडातील बारवी धरण कल्याण, अंबरनाथ, ठाणे या पट्ट्यातील कारखान्यांना व वस्त्यांना पाणी देते. राणीबागेतील पेंग्विनच्या तळ्यातही, हौदाच्या दुसऱ्या टोकाला, शहापूरचेच रान आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. परंतु त्या रानाच्या लोकांकडे पाहा. उन्हाळा लागला, की शहापूरच्या अनेक गाव-पाड्यांत पाण्याचे टँकर फिरू लागतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण त्यांच्यासाठी वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली या लोकांच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात. आणि त्यांच्याच डोंगराचे पाणी मोठमोठ्या नळांतून त्यांच्या दाराजवळून शहराकडे धावत असते.

या पाणलोटाच्या भोवतीचे रान १९७० मध्ये तानसा अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक असा हा प्रदेश, म्हणजे राणीबागेच्या हजार पटींहून मोठे आवार. त्याला काच नाही, खंदक नाही, तिकीट जवळजवळ नाही, आणि नामकरणाचा समारंभ तर नाहीच. साग-ऐनाच्या या रानात बिबट्या आहे, भेकर आहे, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथे एक पाहुणा सापडला, ज्याची कथा कोणत्याही वाघाच्या बछड्यापेक्षा कमी रोमहर्षक नाही. रानपिंगळा हे एक लहानसे घुबड. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा मागमूस कोणाला लागला नाही. सलीम अली आणि रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी शोधूनही ते हाती आले नाही. पक्षी नामशेष झाला अशी समजूत रूढ झाली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते खानदेशात शहाद्याजवळच्या रानात दिसले, एकशे तेरा वर्षांनी. आणि तेच घुबड मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवरच्या तानसाच्या रानात नांदत होते! जगात केवळ मध्य भारताच्या काही रानांत उरलेला हा पक्षी आमच्या पाणवठ्याच्या काठी पिल्ले वाढवितो, आणि मुंबईच्या दहा हजार सुशिक्षितांत एकालाही त्याचे नाव ठाऊक नसेल. दिव्याखाली अंधार तो याहून निराळा काय असतो?

मुरबाडची बाजू अशीच आहे. माळशेज आणि नाणेघाटाचे कडे चढून गेले, की भीमाशंकरचे रान लागते. १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले ते मुख्यतः शेकरूसाठी, जो आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. घाटाच्या माथ्यावर जुन्नर तालुका. तेथे उसाच्या मळ्यांत बिबट्या राहू लागला, माणसांवर हल्ले झाले, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र उभे राहिले. त्या काळचा एक अभ्यास सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मळ्यात पकडलेले बिबटे दूरच्या रानात नेऊन सोडण्याचा उपाय योजल्यावर हल्ले घटले नाहीत, उलट वाढले. वर्षाला सरासरी चारांवरून सतरांवर गेले. प्राण्याला उचलून दुसरीकडे ठेवले, की प्रश्न मिटतो, हा शहरी समज तेथे उघडा पडला. पिंजरा हा संघर्षाचा शेवट नसतो. पुष्कळदा तो रानाचे नियोजन फसल्याची पावती असतो. घाटाच्या वर बिबट्यांच्या सफारीचा प्रस्ताव मांडला गेला आहे. घाटाखालीही उद्या तशीच मागणी उठली तर नवल नाही. मुरबाडच्या तरुणांना रोजगार हवा, आणि पर्यटनातून तो मिळत असेल तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार शहरातील कोणालाही नाही. मात्र रान तोडून त्यात रान दाखविण्याचे दुकान मांडणे हा रोजगाराचा मार्ग नव्हे. ज्या ठाकराला पायवाट, पक्षी आणि औषधी मुळी ठाऊक आहेत त्याच्या ज्ञानाला मोल देणे हा मार्ग अधिक टिकाऊ आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. शहापूरच्या लगत, पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या हद्दीत गारगाई नदीवर धरण बांधण्याची मुंबई महापालिकेची योजना आहे. दिवसाला ४४० दशलक्ष लिटर पाणी हा तिचा लाभ; सहा गावे उठणार आणि सुमारे ८४० हेक्टर जमीन, बहुतांश रानाची, पाण्याखाली जाणार हा तिचा खर्च. २०२० मध्ये ही योजना बाजूस ठेवून समुद्राचे पाणी गोडे करण्याचा विचार पुढे आला. पण पुढे ती पुन्हा उभी राहिली आणि २०२५ मध्ये मंजुऱ्यांच्या पायऱ्या चढू लागली. एकच नगरसंस्था एका हाताने भायखळ्यात वाघासाठी झाडे लावलेले दालन उभारते आणि दुसऱ्या हाताने बिबट्याचे व रानपिंगळ्याचे घर बुडविण्याचा आराखडा करते. या दोन्ही गोष्टी एकाच अंदाजपत्रकात शेजारीशेजारी बसतात, आणि आम्ही करदाते पहिलीचे छायाचित्र पाहून सुखावतो.

मुंबईला पाणी नको असे कोण म्हणेल? चाळीत आणि झोपडवस्तीत पहाटे रांग लावणाऱ्या गृहिणीला घुबडाची महती सांगणे हा क्रूरपणा होईल. तिचा हक्क पहिला. परंतु तिच्या नळाला पाणी कमी येते ते केवळ धरणे अपुरी आहेत म्हणून काय? महापालिकेकडे आज दिवसाला सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येते. त्यातील गळतीत आणि चोरीत जाणारा भाग गारगाईच्या संपूर्ण नियोजित पुरवठ्याहून मोठा आहे, हे महापालिकेच्याच आकड्यांवरून दिसते. शंभर वर्षांचे नळ बदलणे हे कंटाळवाणे काम आहे. त्याचे उद्घाटन होत नाही, त्यावर कोनशिला बसत नाही. धरणाचे तसे नाही. त्याचप्रमाणे सांडपाणी शुद्ध करून कारखाने, बागा आणि बांधकामे यांसाठी वापरणे, मनोरीचा खाऱ्या पाण्याचा प्रकल्प खर्चाच्या दृष्टीने पारखून घेणे, हे मार्ग आधी संपविले पाहिजेत. ते संपल्यावरही पाणी कमी पडते असे सिद्ध झाले तर गारगाईचा विचार करू. मात्र तेव्हाही उठणाऱ्या सहा गावांना आधी जमीन आणि पाणी, मग धरणाची भिंत, हा क्रम सुटता कामा नये. जुन्या धरणांच्या वेळी तो क्रम किती पाळला गेला याची साक्ष शहापूरचे टँकर देतच आहेत.

यावर कोणी म्हणेल, की मग राणीबाग बंद करावी काय? आमचे मत तसे नाही. १८६२ मध्ये खुली झालेली ही बाग मुळात वनस्पतिउद्यान आहे. तिच्यातील जुने वृक्ष हाच तिचा पहिला संग्रह होय. २००७ मध्ये तिचा चेहरामोहरा बदलण्याची चारशे कोटींहून अधिक खर्चाची परदेशी सल्लागारांची योजना आली, तेव्हा या वृक्षांसाठी काही जागरूक नागरिकांनी, त्यांत स्त्रियांनी विशेषतः, नेटाने झुंज दिली आणि ती योजना मागे पडली. पन्नासेक एकरांच्या या जागेला मर्यादा आहे; तेथे प्रत्येक नवे दालन कशाची तरी जागा घेणारच. पण गिरणगावातील जे मूल कधी ताडोबाला जाणार नाही त्याला पन्नास-शंभर रुपयांत जिवंत वाघाची नजर अनुभवता येते, हे मोल लहान नाही. वर्गातील फळ्यावर काढलेल्या चित्राने जे साधत नाही ते त्या एका नजरेने साधते, हे शाळेत शिकविलेल्या कोणालाही मान्य व्हावे. प्रश्न एवढाच, की त्या नजरेतून मूल काय घेऊन घरी जाते. वाघ हा गोंडस नावाचा एक खेळ आहे, एवढेच ते शिकले तर बागेचा खर्च व्यर्थ गेला. या वाघाला राहण्यासाठी रान लागते आणि त्या रानातूनच माझ्या घरी पाणी येते, हे ते शिकले तर पेंग्विनवरचे कोट्यवधी रुपयेही सार्थकी लागले असे आम्ही म्हणू.

म्हणून काही गोष्टी महापालिकेने कराव्यात असे आम्ही सुचवितो. जन्माबरोबर मृत्यूचाही, प्राणी आले-गेल्याचाही वार्षिक जमाखर्च बागेच्या दारावर मराठीत लावावा. प्राधिकरणाकडे तो पाठवावाच लागतो, तर लोकांपासून लपविण्याचे कारण नाही. पिल्लाच्या आयुष्यभराच्या जागेची तरतूद कागदावर झाल्याखेरीज वाघासारख्या प्राण्याची वीण होऊ देऊ नये. नवी दालने बांधावयाचीच तर ती परदेशी पाहुण्यांऐवजी आपल्या सह्याद्रीतील अशा जीवांसाठी असावीत, ज्यांची पैदास पुढे रानाच्या उपयोगी पडेल. बागेच्या तिकिटाच्या उत्पन्नातील एक ठरावीक हिस्सा तानसाच्या रानाला, तेथील वनरक्षकांना आणि पाड्यांच्या पाणीयोजनांना मिळावा. शहर पाण्याची किंमत देत असेल, पण रानाची देत नाही. आणि शहरातील प्रत्येक शाळेने मुलांची एक सहल भायखळ्याला नेली, तर दुसरी शहापूरला किंवा माळशेजला न्यावी, आणि तेथे वाटाड्या म्हणून एखादा ठाकर किंवा महादेव कोळी असावा. तो मुलांना जे दाखवील ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नसेल.

पुढल्या वेळी राणीबागेत पाळणा हलेल तेव्हा आनंद जरूर साजरा व्हावा. त्या सकाळी नळ सोडताना एवढेच आठवावे, की तानसाच्या काठी सागाच्या एखाद्या ढोलीत कदाचित त्याच रात्री रानपिंगळ्याचे पिल्लूही जन्मास आले असेल. त्याला कोणी नाव ठेवणार नाही, त्याचे छायाचित्र छापून येणार नाही, आणि त्याने डोळे उघडण्यापूर्वी त्याचे झाड पाण्याखाली जाणार की नाही, हे ठरविणारा ठराव भायखळ्याहून फार दूर नसलेल्या महापालिकेच्या सभागृहात मांडला जाईल. तेथे बसणाऱ्यांना मते आम्ही देतो. त्यांना या पिल्लाविषयी प्रश्न विचारण्याचे कामही आमचेच आहे.